दुर्बिणीची उभी रेघ ओळंब्यात आणताना: रायफलीवरील कामाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

हाती घेतलेले काम असे आहे: .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीवर चार ते बारा पटींची दुर्बीण बसवायची आणि तिच्या क्रॉसहेअरची (आत दिसणाऱ्या नेमाच्या फुलीची) उभी रेघ खरोखर उभी, म्हणजे ओळंब्याच्या, टांगलेल्या वजनाच्या, दोरीला समांतर आहे, याची खात्री नुसत्या नजरेने न करता मोजून करायची. रायफल माझ्या परवान्यावरची आहे. काम घरी, माटुंग्याच्या लांब खोलीत होईल. तेथे बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून झाडणारा दांडा, काढून ठेवलेला असेल आणि काडतूस त्या खोलीतच नसेल. गोळी चालवण्याचा सगळा भाग वरळीच्या रेंजवर होईल.

सकाळी पहिली अडचण समोर आली. या रायफलीच्या रिसीव्हरचा, म्हणजे बोल्ट ज्यात बसतो त्या धातूच्या भागाचा, माथा गोल आहे. वर दुर्बिणीचा माउंट पकडण्यासाठी ११ मिमीच्या डव्हटेल खाचा आहेत, पण पाणसळ (फुग्याने आडवी पातळी दाखवणारे साधन) ठेवता येईल अशी सपाट जागा कुठेच नाही. सपाट रेल असलेल्या रायफलीवर लोक एक पाणसळ रेलवर आणि दुसरी टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या दुर्बिणीवरच्या चकतीच्या, टोपीवर ठेवतात, दोन्ही फुगे मध्यावर आले की काम झाले असे मानतात. ती सोय येथे नाही, आणि ती असती तरी मी तिच्यावर सर्वस्वी विसंबले नसते, कारण टोपीचा माथा दुर्बिणीच्या आतील रेघेला समांतर असेलच असे नाही. आपल्याला टोपी नव्हे, रेघ उभी करायची आहे.

दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे खालचे भाग बसवले आणि दुर्बीण सैल ठेवून डोळ्याचे अंतर ठरवले. आयपीसचा, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाचा, फोकसही आजच करून घेतला. पांढऱ्या भिंतीकडे क्षणभर पाहायचे, नजर वळवायची, पुन्हा पाहायचे, आणि पहिल्या क्षणीच रेघ काळीभोर दिसेपर्यंत आयपीसची रिंग फिरवायची. एकटक पाहत राहिले तर डोळा स्वतः जुळवून घेतो आणि फोकस चुकीचा राहतो. हे दोन्ही आधी उरकलेले बरे, कारण रेघ उभी केल्यानंतर दुर्बीण पुढे-मागे सरकवावी लागली की सगळे काम पुन्हा करावे लागते.

५ जानेवारी

आज हत्याराला हात लावला नाही. वहीत गणित मांडले. ‘दुर्बीण सरळ बसवणे’ या एकाच बोलण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय कोठे किती काटेकोरपणा लागेल ते ठरत नाही. पहिली गोष्ट म्हणजे गोळी झाडताना उभी रेघ पृथ्वीच्या हिशेबाने उभी असणे. दुसरी गोष्ट म्हणजे नळीचे केंद्र दुर्बिणीच्या केंद्राच्या बरोबर खाली, त्याच उभ्या रेघेत असणे.

साधी .२२ गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर गाठेपर्यंत नळीच्या सरळ रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. हे १२ सेंटिमीटर भरून काढण्यासाठी नळी नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर रोखलेली असते. रायफल दुर्बिणीसकट एका बाजूला कलली की ती वर रोखलेली दिशाही कलते आणि तिचा एक अंश आडव्या दिशेत जातो. गुरुत्वाकर्षण मात्र खालीच ओढत राहते. तीन अंश कल असेल तर ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिमी बाजूला जाते. ५० मीटर रायफलच्या अधिकृत लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ६ मिमीचे मोल कळते. १०० मीटरवर गोळीची घसरण अर्ध्या मीटरहून थोडी अधिक होते, आणि झिरो (नेम आणि गोळी एकाच बिंदूवर येतात ते अंतर) ५० वर ठेवून १०० साठी टरेट चढवला, तर त्याच तीन अंशांची किंमत पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाते.

आता दुसरी बाब. उभी रेघ ओळंब्यात आहे, पण तिच्या खाली रायफल दोन अंश फिरलेली आहे, असे धरू. माझ्या माउंटवर नळीच्या केंद्रापासून दुर्बिणीच्या केंद्रापर्यंत ४५ मिमी अंतर आहे. दोन अंशांमुळे नळी नजरेच्या उभ्या प्रतलापासून सुमारे दीड मिमी बाजूला पडते. ५० मीटरवर झिरो केल्यावर गोळी तेथे नेमकी येते आणि १०० मीटरवर दुसऱ्या बाजूला तेवढीच, म्हणजे पुन्हा दीड मिमी सरकते. बस्स, नुकसान एवढेच. याच्या उलट, रायफल सरळ धरली आणि आतील रेघ व टरेटची चाल दोन अंश तिरपी असली, तर ५० च्या झिरोवरून १०० साठी टरेट साधारण अडीच मिल (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) चढवताना गोळी साडेआठ मिमी बाजूला जाते. अंतर वाढेल तसा हा फरक वाढतच जातो.

म्हणून या कामात मी ओळंब्याला पहिला मान देणार आहे आणि रायफलीच्या अंगाला दुसरा. दोन्ही जुळवायचे आहेतच. पण एकासाठी दुसऱ्याचा त्याग करायची वेळ आली, तर काय सोडायचे ते आज ठरले.

११ जानेवारी

नागदेवी स्ट्रीटला जाऊन आले. एक लहान पाणसळ, न्यूटन-मीटरमध्ये आकडा दाखवणारा टॉर्क स्क्रू-ड्रायव्हर आणि पांढरी नायलॉनची बारीक दोरी घेतली. दुकानदाराने चार पाणसळी समोर ठेवल्या आणि मी काचेच्या काउंटरवर प्रत्येकीची उलटापालट करून पाहिली. पाणसळ ठेवायची, फुगा कोठे थांबतो ते पाहायचे, मग तीच पाणसळ त्याच जागी टोके बदलून ठेवायची. फुगा दोन्ही वेळा काउंटरच्या त्याच बाजूला तेवढाच झुकला, तर काउंटर तिरपे आहे आणि पाणसळ खरी आहे. फुगा दुसऱ्या बाजूला गेला, तर पाणसळच खोटी. चारांपैकी दोनच या परीक्षेत उतरल्या, आणि त्यांतली जिचा फुगा लवकर स्थिरावत होता ती घेतली.

ओळंबा विकत घेतला नाही. आमच्या इमारतीत प्लास्टरचे काम चालू आहे, तेथील गवंड्यांकडे मागितला. “ताई, भिंत बांधायचीय का?” असे त्यांनी विचारले आणि काय करायचे आहे ते सांगितल्यावर स्वतःचा पितळी ओळंबा काढून दिला. “दोरीला पीळ ऱ्हायला की वजन फिरत बसतं, आधी लटकवून पीळ सुटू द्या,” हेही त्यांनीच सांगितले. रात्रभर ओळंबा खोलीत टांगून ठेवला आहे.

१२ जानेवारी

रायफलीची उभी रेघ, म्हणजे नळीच्या केंद्रातून दुर्बिणीच्या केंद्राकडे जाणारी रेघ, ओळंब्यात आणण्याचे आजचे काम. गोल माथ्यामुळे पाणसळ निरुपयोगी होती, म्हणून हीच रेघ थेट पाहायचे ठरवले.

रायफल लाकडी पॅड लावलेल्या व्हाइसमध्ये दस्त्याला धरून बसवली. बोल्ट दुसऱ्या खोलीतील कपाटात होता. चेंबर धाकट्या भावाने आणि मी, दोघांनी, बोट घालून तपासले. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद आणि त्यामागे छोटा दिवा ठेवला. पुढे, नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, ओळंब्याची दोरी छतावरून सोडली आणि तिच्याही पुढे तीन मीटरवर तिकाटण्यावर मोबाइल बसवला. नळीसमोर डोळा न्यायचा नाही, हा नियम बोल्ट काढलेला असतानाही मी मोडत नाही. ते पाहण्याचे काम कॅमेऱ्याचे.

कॅमेरा नळीच्या अक्षावर आहे की नाही ते चित्रातच कळते. अक्षावर असेल, तर नळीच्या मागच्या तोंडाचे उजळ वर्तुळ पुढच्या तोंडाच्या वर्तुळाच्या बरोबर मध्यात बसते आणि दोन्हींमधील रायफलिंगच्या (नळीच्या आतील पिळाच्या) खाचा भोवतीने सारख्या वळताना दिसतात. कॅमेरा थोडा जरी बाजूला असला, तर आतले वर्तुळ चंद्रकोरीसारखे कडेला चिकटते. ही खूण मिळाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण तिरक्या कोनातून पाहिले तर नळीचे तोंड आणि त्याच्या बऱ्याच मागे असलेली दुर्बिणीची भिंग-कड दोन्ही दोरीवर आणता येतात आणि तरीही रायफल कललेली असू शकते. कॅमेरा अक्षावर आणला, दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर मध्यबिंदू काढलेली कागदी चकती बसवली, आणि मग व्हाइसमध्ये रायफल कणाकणाने फिरवत दोरी नळीच्या मध्यातून आणि चकतीच्या बिंदूतून, दोन्हींतून, जाईपर्यंत भावाकडून छायाचित्रे काढून घेतली.

४५ मिमी उंचीवर एक अंशाचा फरक म्हणजे अवघा ०.८ मिमी, आणि दोरीची जाडीच त्याच्या जवळपास. त्यामुळे ही रीत अर्ध्या अंशापेक्षा बारीक सांगत नाही, असे मी मानते. मात्र ५ तारखेच्या गणिताप्रमाणे या बाबतीत अर्ध्या अंशाची किंमत १०० मीटरवर अर्ध्या मिमीहूनही कमी आहे. मोजमाप जेथे ढोबळ आहे तेथेच चूक स्वस्त आहे, ही या पद्धतीतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती मी इतरांना निःशंकपणे सुचवीन.

रायफल व्हाइसमध्ये तशीच ठेवली आहे. खोलीला कुलूप लावले आहे.

१८ जानेवारी

आज खरे काम झाले.

सकाळी आधीची छायाचित्रे पुन्हा काढून रायफल हललेली नाही हे पाहिले. मग खिडक्यांना जाड चादरी लावून खोली अंधारी केली, समोरच्या चार मीटर अंतरावरील भिंतीवर दुसरी दोरी ओळंबा बांधून सोडली आणि दुर्बीण चार पटींवर ठेवून आयपीसमधून टॉर्चचा झोत आत सोडला. भिंतीवर सुमारे ३५ सेंटिमीटर व्यासाचे उजेडाचे वर्तुळ पडले आणि त्यात क्रॉसहेअरची सावली. दुर्बिणीचा फोकस दहा मीटरच्या खाली येत नाही, त्यामुळे रेघा कडेने मऊ दिसतात. पण आपल्याला रेघेची दिशा पाहायची आहे, धार नाही. टॉर्च आयपीसला चिकटवण्यापेक्षा तीन-चार बोटे मागे धरला, तर सावली जास्त स्पष्ट येते.

या रीतीचे बळ भूमितीत आहे. दुर्बिणीच्या अक्षातून जाणारे उभे प्रतल उभ्या भिंतीला नेहमी उभ्याच रेघेत छेदते, मग दुर्बीण भिंतीकडे थोडी तिरपी वळलेली असो वा थोडी वर-खाली रोखलेली असो. त्यामुळे भिंतीवरील सावली दोरीला समांतर असेल, तर उभी रेघ ओळंब्यात आहे, यात शंका उरत नाही. शिवाय दोन माणसे एकाच वेळी तीच गोष्ट पाहतात. दुर्बिणीतून एकट्याने पाहताना गाल दस्त्यावर टेकतो, डोके कलते, आणि डोळा स्वतःच्या परीने थोडा उलटा फिरला तरी ते कलणे पूर्ण भरून निघत नाही. म्हणून अनेक अनुभवी नेमबाजही ‘मला तर सरळच दिसते’ असे म्हणतात, आणि त्यांची रेघ दोन-तीन अंशांनी झुकलेली असते. भिंतीवरच्या सावलीला कोणाच्या मानेशी देणेघेणे नाही.

सावलीच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून दोरीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजत दुर्बीण रिंगांमध्ये फिरवली. ३५ सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे ६ मिमी. एक मिमीपर्यंतचे मोजमाप भिंतीवर सहज होते, म्हणजे एका अंशाच्या सहाव्या भागापर्यंत खात्री मिळते. येथे चूक महाग आहे आणि येथेच मोजमाप बारीक आहे.

स्क्रू आवळणे हा या कामातील सर्वांत फसवा टप्पा आहे. उजव्या बाजूचा स्क्रू पाव फेरा जरी फिरवला, तरी रिंगेची टोपी दुर्बिणीच्या नळीला आपल्याबरोबर ओढते, आणि ते भिंतीवर डोळ्यांदेखत दिसते: सावलीचे वरचे टोक दोरीपासून हळूच दूर सरकते. भाऊ दोरीपाशी उभा राहून “ताई, दोन मिमी डावीकडे” असे सांगत होता आणि मी समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, प्रत्येक वेळी अगदी थोडे, आवळत होते. टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी राहावी म्हणून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहत गेले. माउंटसोबतच्या कागदावर रिंगांच्या स्क्रूंसाठी २ न्यूटन-मीटर हा आकडा दिलेला आहे. तो गाठला तेव्हा सावली वर-खाली दोरीपासून सारख्याच अंतरावर होती. आकड्यापेक्षा जास्त आवळून ‘पक्के’ करण्याचा मोह आवरावा; दुर्बिणीची अ‍ॅल्युमिनियमची नळी चेपते आणि आतील यंत्रणेची चाल अडते.

हे झाल्यावर कुतूहल म्हणून पाणसळ टरेटच्या टोपीवर ठेवली. फुगा मध्यावरून स्पष्टपणे एका बाजूला सरकलेला होता. टोपीवर विश्वास ठेवून दुर्बीण बसवली असती, तर रेघ तेवढीच तिरपी बसली असती.

१९ जानेवारी

व्हाइसमध्ये रायफल आणि भिंतीवर सावली तशीच असताना दुर्बिणीच्या नळीवर चिकटणारी बुडबुड्याची छोटी पाणसळ बसवली आणि फुगा मध्यावर आणून तिचा स्क्रू आवळला. आता रेंजवर भिंत आणि दोरी नसतील. हा फुगाच ओळंब्याचा प्रतिनिधी. डावा डोळा उघडताच तो दिसेल अशा बेताने ती डाव्या बाजूला बाहेर काढली आहे.

२५ जानेवारी

वरळी. मुद्दाम सकाळी लवकर गेले. हिवाळ्यात मुंबईत सकाळी वारा मंद असतो आणि दुपारकडे समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो. ओळंब्याच्या कामाला सकाळच बरी. तरीही ५० मीटरवर लक्ष्याच्या चौकटीला टांगलेली दोरी झुलतच होती. ओळंबा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवला, दोरी काळ्या कागदासमोर घेतली आणि झुलणे थांबले. गवंडी हेच करतात.

आज एकही गोळी झाडली नाही. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवून, फुगा मध्यावर ठेवून, पूर्ण बारा पटींवर दोरीकडे पाहिले. उभी रेघ दोरीवर तंतोतंत बसली. मग रायफलीला धक्का न लावता टरेट वर-खाली फिरवत क्रॉसहेअरचा मध्य दोरीवरूनच चालतो का, ते पाहिले. ही परीक्षा महत्त्वाची आहे, कारण रेघ आणि टरेटची चाल या दुर्बिणीच्या आत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि कारखान्यातून त्या समांतर आल्या असतील असे गृहीत धरून चालत नाही. एक मिल म्हणजे ५० मीटरवर ५ सेंटिमीटर. आठ मिलच्या चालीत ४० सेंटिमीटर दोरी पाहायला मिळते. मध्य दोरीवरून ढळला नाही. तो ढळला असता, तर मी रेघेऐवजी चाल उभी केली असती, कारण मी टरेट फिरवून अंतर साधते. रेघेवरील खुणा धरून नेम घेणाऱ्याने उलट करावे.

क्लबमधील एक ज्येष्ठ नेमबाज बराच वेळ उभे राहून पाहत होते. त्यांचे म्हणणे असे: “अहो, ५० मीटरचे कितीतरी चांगले नेमबाज रायफल मुद्दाम चेहऱ्याकडे कलती धरतात. मान ताठ राहते. तुम्ही एवढा ओळंबा कशाला लावताय?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळे यांनी थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारांत दुर्बीण चालत नाही. डायॉप्टर, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायचे साधन, असतो, आणि अंतर एकच, ५० मीटर. अंतर एकच असेल, तर कल प्रत्येक गोळीला सारखा ठेवला की पुरते, झिरो करताना त्याचा परिणाम पोटात घेतला जातो. अंतर बदलले आणि टरेट फिरवला, की तो हिशेब विस्कटतो. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी गणित नीट तपासले आणि १०० मीटरबाबत मान्य केले.

१ फेब्रुवारी

झिरो आधी केला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. नंतर उंच कागदावर ओळंब्याच्या आधाराने उभी रेघ आखली, तळाशी बिंदू काढला आणि दर वेळी त्याच बिंदूवर नेम धरून आधी शून्यावर, मग चार मिल आणि मग आठ मिल चढवून प्रत्येकी पाच गोळ्यांचे गट झाडले. झाडण्यापूर्वी प्रत्येक वेळी फुगा पाहिला. तिन्ही गटांचे मध्य आखलेल्या रेघेवर आले, आणि जो काही फरक दिसला तो गटाच्या स्वतःच्या पसाऱ्याच्या आतच होता.

नंतर उलटी परीक्षा. टरेट शून्यावर आणून रायफल मुद्दाम उजवीकडे सुमारे दहा अंश कलवली. कोन मोबाइलने मोजला. गणिताप्रमाणे गट सुमारे २ सेंटिमीटर उजवीकडे आणि किंचित खाली जायला हवा होता. तो उजवीकडेच गेला आणि सरकलाही जवळपास तितकाच. खाली जाणे २ मिमीच्या आसपास अपेक्षित होते, ते मात्र गटाच्या पसाऱ्यात ओळखू आले नाही. पाच किंवा तीन अंश कलवून हा परिणाम .२२ ने ५० मीटरवर डोळ्याला नीट दिसत नाही, म्हणून प्रयोग दाखवायचा असेल तर दहा अंशच घ्यावेत.

९ फेब्रुवारी

सर्व स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने पुन्हा तपासले. एकही हललेला नाही. रिंग आणि दुर्बीण यांच्या सांध्यावर, तसेच बुडबुड्याच्या पाणसळीच्या कडेला, लाल नेलपॉलिशची बारीक खूण केली, म्हणजे काही फिरले तर लगेच दिसेल. ओळंबा धुऊन, पुसून गवंड्यांना परत केला. पावसाळ्यापूर्वी स्क्रू काढून हलके तेल लावायचे आहे, कारण या शहराच्या खाऱ्या हवेत ते गंजून जाम होतात. त्या वेळी सावलीची परीक्षा पहिल्यापासून पुन्हा करावी लागेल. त्यासाठी खोलीचे माप, दोरीची जागा आणि व्हाइसची उंची वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.